एरणच्या खांबावरचा गुरुवार

मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात, बीना नदीच्या काठी एरण नावाचं गाव आहे. गावाबाहेर गुप्तकाळातली पडकी देवळं आहेत, एक अजस्र वराह आहे आणि एक उंच दगडी खांब आहे. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी हा खांब जनार्दनाचा ध्वजस्तंभ म्हणून उभा केला. पायाशी संस्कृतात लेख आहे, त्यातला काळ असा दिलाय: ‘शते पञ्चषष्ट्यधिके वर्षाणां भूपतौ च बुधगुप्ते । आषाढमासशुक्लद्वादश्यां सुरगुरोर्दिवसे ॥’

वर्ष १६५, राजा बुधगुप्त, आषाढ शुद्ध द्वादशी. इथपर्यंत काही विशेष नाही. पुढचे दोन शब्द मात्र थांबून वाचावेत असे आहेत. सुरगुरू म्हणजे देवांचा गुरू, बृहस्पती. त्याचा दिवस म्हणजे गुरुवार. वार स्पष्ट लिहिलेला भारतातला सर्वांत जुना कोरीव लेख म्हणून हाच दाखवला जातो. इसवी सनात सांगायचं तर २१ जून ४८४.

आपल्याला वार इतके अंगवळणी पडलेत की ते कधीकाळी नव्हते हे खरंच वाटत नाही. या लेखात मला एवढंच तपासायचंय: एरणच्या त्या भावांकडे गुरुवार आला कुठून, आणि तो बाहेरून आला असं म्हणायचं तर पुरावा काय? ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ आणि ‘सगळं त्यांच्याकडूनच आलं’ ही दोन्ही वाक्यं म्हणायला सोपी आहेत. वारांच्या बाबतीत सुदैवानं हिशेब मांडता येतो, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन कुणीही करून बघू शकतं.

आधी काय होतं

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीचा आदेश कोरलेला आहे. त्याचा शेवट होतो ‘सवछरे १८ वासपखे २ दिवसे १’ असा, म्हणजे अठराव्या वर्षी, पावसाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्याचा पहिला दिवस. त्याचा मुलगा पुळुमावी, त्याच्या एकोणिसाव्या वर्षाच्या लेखात उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा आणि तेरावा दिवस येतो. ऋतू, पक्ष, दिवस. पद्धत झकास चालत होती. शेताकडे बघून तारीख कळावी अशी. वाराचा मात्र पत्ता नाही. त्याच्याही मागे गेलो तर अशोकाच्या लेखांत तिष्य आणि पुनर्वसू नक्षत्रं आहेत, पक्षातले ठरावीक दिवस आहेत, वार नाही. वेदांग ज्योतिषातही नाही.

गंमत अशी की याच पांडवलेण्यांत एक लेणं उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, खोदवलंय. त्याचं नाव इंद्राग्निदत्त, बापाचं नाव धम्मदेव. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं कोरलेली आहेत. म्हणजे यवन शेजारी होते, लेण्यांना पैसा देत होते, नावंही इथलीच लावत होते, आणि तरीही वार आलेला नव्हता. दोन संस्कृतींचा संबंध आला म्हणून कल्पना आपोआप वाहत येतात, असं नाही. माणूस येतो, माल येतो. कल्पनेला तिची गरज पडेपर्यंत वाट बघावी लागते.

याच्या उलट उदाहरणही आहे. कुषाणांच्या काळात वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतल्या लेखांत चक्क मॅसेडोनियन महिने सापडतात. बहावलपूरजवळच्या सुई विहारच्या ताम्रपटात कनिष्काच्या अकराव्या वर्षाबरोबर ‘दैसियोस’ या ग्रीक महिन्याचं नाव आहे. हे महिने आले, काही पिढ्या वापरले गेले आणि विरून गेले. कारण उघड आहे. चैत्र-वैशाख आधीच पक्के बसलेले होते, त्यांच्या जागी दुसरं काही नको होतं. सात दिवसांच्या चक्रासाठी मात्र जागा रिकामी होती.

क्रमाचं कोडं

रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि. हा क्रम लहानपणी पाठ केला आणि सोडून दिला. पण हा क्रम आहे तरी कशाचा?

तेजाचा म्हणावा तर चंद्रानंतर शुक्र यायला हवा, तो सहावा येतो. अंतराचा नाही, वेगाचाही नाही. आकाशात कुठेही बघितलं तरी हे सात जण या ओळीत उभे दिसत नाहीत. सात गोष्टी वर्तुळात मांडायच्या ७२० तऱ्हा आहेत. त्यांतली नेमकी हीच एक निवडायला काहीतरी यंत्र हवं.

ते यंत्र आर्यभटानं एका आर्येत सांगितलंय. आर्यभटीयाच्या कालक्रियापादात:

‘सप्तैते होरेशाः शनैश्चराद्या यथाक्रमं शीघ्राः । शीघ्रक्रमाच्चतुर्था भवन्ति सूर्योदयाद् दिनपाः ॥’

शनीपासून सुरू करून हे सात होरांचे स्वामी एकापेक्षा एक वेगवान आहेत. वेगाच्या या क्रमातला दर चौथा, सूर्योदयापासून, दिवसाचा स्वामी होतो. एवढंच.

आता करून बघा. सगळ्यांत मंद शनि, त्याला आकाशाचा फेरा करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. मग गुरू, बारा वर्षं. मग मंगळ, रवि, शुक्र, बुध, आणि शेवटी सगळ्यांत चपळ चंद्र, सव्वासत्तावीस दिवसांचा. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे चोवीस होरा, या सातांना ओळीनं वाटत जा. शनिवारचा पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, चौथा रवीचा, पाचवा शुक्राचा, सहावा बुधाचा, सातवा चंद्राचा. आठवा पुन्हा शनीचा, तसाच पंधरावा आणि बाविसावाही. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास कुणाचा? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. तिथून पुन्हा चोवीस तास मोजले की पहिला तास चंद्राचा, म्हणजे सोमवार. चोवीसला सातानं भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दरवेळी चौथा. पंचांगात होरांचं कोष्टक असतं ते हेच. आपण त्यात मुहूर्त शोधतो, त्यातून आठवडा निघतो हे कुणी बघत नाही.

म्हणजे आठवड्याच्या क्रमासाठी दोन सुटे भाग लागतात: ग्रहांची विशिष्ट ओळ आणि दिवसाचे चोवीस भाग. हे भाग कुठे तयार झाले?

सुटे भाग

चोवीस तास इजिप्तचे. तिथले लोक रात्रीचा वेळ उगवणाऱ्या तारकापुंजांवरून सांगत. असे छत्तीस पुंज, प्रत्येकाला दहा दिवस. त्यातून रात्रीचे बारा भाग पडले, दिवसालाही बारा दिले गेले. इजिप्तचा स्वतःचा ‘आठवडा’ मात्र दहा दिवसांचा होता.

ग्रहांवर पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवून नोंदी करणारे बाबिलोनचे. पण त्यांच्याकडे ग्रह मांडायचा क्रम निराळा होता, त्यातून आपला आठवडा निघत नाही. ग्रहांना वेगानुसार, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे पृथ्वीपासूनच्या अंतरानुसार, एका ओळीत लावायचं काम ग्रीकांचं. तेही पहिल्या फटक्यात जमलं नाही. प्लेटोच्या ओळीत चंद्रानंतर लगेच सूर्य येतो, आणि शुक्र-बुध सूर्याच्या पलीकडे. ती ओळ घेऊन हाच हिशेब केला तर शनिवारनंतर बुधवार येतो, मग सोमवार, मंगळवार, रविवार. आपला आठवडा ज्यांनी घडवला त्यांच्या हातात प्लेटोनंतर रूढ झालेली ओळ होती हे यावरून कळतं. इजिप्तचे तास, बाबिलोनच्या नोंदी आणि ग्रीकांची ओळ एकाच छपराखाली यायला अलेक्झांड्रियासारखं शहर लागतं.

सात दिवसांचं चक्र ज्यूंकडे होतंच, पण त्यांच्या दिवसांना ग्रहांची नावं नव्हती. शब्बाथ सोडला तर पहिला, दुसरा, तिसरा, असेच.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर कुणीतरी ‘देवांचे दिवस’ अशी यादी खरडून ठेवलीय. ती शनीपासून सुरू होते: शनि, सूर्य, चंद्र, मंगळ. भिंतीवर खरडलेली, म्हणजे पंडितांच्या बाहेर पोचलेली. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कॅसियस डिओ हा इतिहासकार रोमच्या इतिहासात मध्येच थांबून हा क्रम कसा निघतो ते सांगतो, आणि श्रेय इजिप्तवाल्यांना देतो. त्याचे दोन खुलासे आहेत. एक अगदी वर केला तसा तासांचा, दुसरा संगीतातल्या चौथ्या स्वराच्या अंतराचा. आर्यभटाचा ‘चतुर्थ’ आठवल्याशिवाय राहत नाही.

रोमनांचा मूळचा आठवडाही निराळाच, आठ दिवसांचा आणि बाजाराचा. त्याचं लॅटिन नाव मात्र ‘नऊ’वरून पडलंय, कारण ते दोन्ही टोकं धरून मोजत. आपण सात दिवसांना ‘आठवडा’ म्हणतो तेव्हा बाजारापासून बाजारापर्यंत दोन्ही टोकं धरून मोजलं तर आठच भरतात. या साम्यातून कुणी कुणाकडून घेतलं असं काही निघत नाही. बाजाराला जाणारा माणूस सगळीकडे बोटांवरच मोजतो. इथे सावध राहायला हवं. प्रत्येक साम्य म्हणजे देवाणघेवाण नव्हे.

एक जोरदार आक्षेप

‘चोवीस भागच कशाला?’ असं विचारता येतं. आपल्याकडे दिवसाच्या साठ घटिका होत्या. साठला सातानं भागलं की बाकी चार. शनीपासून मंद ते वेगवान या ओळीत घटिका वाटल्या तर दुसऱ्या दिवसाचा स्वामी पाचवा येतो, म्हणजे शुक्र. मग गुरू, बुध, मंगळ, चंद्र, रवि. आठवडा अख्खाच्या अख्खा उलटा! शनिवारनंतर शुक्रवार, शुक्रवारनंतर गुरुवार.

मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा प्रकरण निकालात निघालं असं वाटलं होतं. पण नाही. ओळ उलटी घ्या, चंद्रापासून शनीकडे, आणि साठ घटिका वाटा. आता आठवडा बरोब्बर सरळ येतो. म्हणजे नुसत्या अंकगणितावर बोलायचं तर वार भारतातच घटिकांतून जन्मले असं म्हणायची वाट उघडी राहते, आणि तसं म्हणणारेही आहेत.

ही वाट बंद करतो तो खुद्द आर्यभटच. तो घटिकेचे स्वामी म्हणत नाही, ‘होरेशाः’ म्हणतो, आणि सुरुवात शनीपासून करतो, चंद्रापासून नाही. होरा हा शब्द ग्रीक ‘होरा’ आहे, तास या अर्थाचा. ज्योतिषी वराहमिहिराच्या काळी या शब्दाची देशी व्युत्पत्तीही सांगितली जात होती: ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गळलं की होरा. बृहज्जातकात तो लिहितो, ‘होरेत्यहोरात्रविकल्पमेके वाञ्छन्ति पूर्वापरवर्णलोपात्’. त्यातल्या ‘एके वाञ्छन्ति’कडे माझं लक्ष जातं. काही जणांची तशी इच्छा आहे, म्हणे. केंद्र, लिप्ता, जामित्र, द्रेष्काण असे ग्रीक शब्द ढिगानं वापरणाऱ्या माणसानं हे लिहिलंय. त्याला ते पटलं होतं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शिवाय हाच वराहमिहिर बृहत्संहितेत यवनांबद्दल सांगतो की ते म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट नांदतंय, म्हणून त्यांचीही ऋषींसारखी पूजा होते. घेतलं हे कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

दुसरा मुद्दा काळाचा. पॉम्पेईची भिंत ७९ सालची, एरणचा खांब ४८४ चा. मधल्या चारशे वर्षांत कल्पना नेमकी कधी इकडे आली हे सांगायला ‘यवनजातक’ या संस्कृत ग्रंथाचा आधार घेतला जायचा. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये तो संपादित केला आणि त्याचा काळ इ.स. २६९-७० असा ठरवला. पण २०१३ मध्ये बिल माक यांनी पोथ्या पुन्हा वाचून दाखवलं की त्या सालाचं वाचनच टिकत नाही. त्यामुळे ते साल मी आधाराला घेत नाही. त्याच्याशिवायही निकाल बदलत नाही.

दीक्षितांचा हिशेब

आता थोडं आपल्याकडे वळू, कारण एरणच्या या गुरुवाराचं एक देणं महाराष्ट्रातल्या एका शिक्षकाकडे लागतं.

एकोणिसाव्या शतकात गुप्त संवत कधी सुरू झाला यावर भांडण होतं. कुणी ७८ म्हणे, कुणी १६६, कुणी १९०, कुणी ३१९. सालात अडीचशे वर्षांचा झोल म्हणजे अख्खा गुप्तकाळ हवेत तरंगत होता. अकराव्या शतकातला विद्वान अल्बेरुनी यानं गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो असं लिहून ठेवलं होतं, पण त्याच्यावर विसंबायचं की नाही यावरच वाद. अशा वेळी जे. एफ. फ्लीट यांनी गुप्तांचे लेख संपादित करताना तारखांचं गणित सोपवलं शंकर बाळकृष्ण दीक्षितांकडे. हे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, पेशानं शिक्षक.

नुसती तिथी असती तर ती दरवर्षीच येते, पडताळायला काही उरत नाही. वार असल्यामुळे हिशेबाला कुलूप मिळालं. १६५ अधिक २४१ म्हणजे शक ४०६. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी आली? गणित सांगतं, गुरुवारी. किल्ली फिरली. एका वारानं हे ठरत नाही, सातांत एकदा योगायोगही होतो. पण अल्बेरुनीच्या आकड्याला आणि बाकीच्या लेखांना जोडून हा गुरुवार उभा राहिला तेव्हा ३१९-२० ला वजन आलं. फ्लीट यांचा खंड १८८८ मध्ये निघाला. दीक्षितांचा स्वतःचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ चा; दोनच वर्षांनी, ४५ व्या वर्षी ते गेले.

अलेक्झांड्रियाच्या बाजूला जुळवलेलं एक चक्र, पाचव्या शतकात बुंदेलखंडाच्या दगडावर कोरलं गेलं आणि चौदाशे वर्षांनी एका मराठी शिक्षकानं त्याच्या आधारानं गुप्तांना त्यांच्या जागी बसवलं. मातृविष्णूला यातलं काय ठाऊक असणार!

घेतलं ते तसंच ठेवलं नाही

नावांचं भाषांतर सहज झालं. रोमनांचा मर्क्युरी आपला बुध, ज्युपिटर आपला गुरू. उत्तर युरोपातल्यांनी तिथे वोडन आणि थोर बसवले. व्हीनसच्या जागी आपल्याकडे शुक्र आला आणि तिथे मजा झाली. व्हीनस ही देवी, सौंदर्याची आणि प्रेमाची. आपला शुक्र हा एकाक्ष बुवा, असुरांचा गुरू. तरी श्रावणातला शुक्रवार आपण जिवतीला दिला, सवाष्ण जेवायला बोलावली, पुरणाचे दिवे लावले. याचा व्हीनसशी संबंध जोडायचा मोह होतो, पण जोडू नये, पुरावा नाही. वाराला स्वतःचं दैवत आणि स्वतःची कहाणी मिळाली, एवढं खरं. सोमवार शंकराचा, मंगळवार मंगळागौरीचा, बुध-गुरू बुधबृहस्पतीचे, शनिवार मारुतीचा, रविवार आदित्य राणूबाईचा. या कहाण्या ऐकणाऱ्या बाईला वार परका आहे असं सांगून बघा.

दिवस सुरू कधी होतो यावरही आपल्या ज्योतिष्यांनी बराच खल केला. पंचसिद्धांतिकेत वराहमिहिर मतं नोंदवतो. लाटाचार्य यवनपुरातल्या, म्हणजे अलेक्झांड्रियातल्या, सूर्यास्तापासून मोजतो. सिंहाचार्य लंकेच्या सूर्योदयापासून. आर्यभट एकदा मध्यरात्रीपासून आणि एकदा सूर्योदयापासून. बाहेरून आणलेलं यंत्र आपल्या जोत्यावर बसवताना जशी पाचर कुठे मारायची यावर खटपट चालते, तसंच हे. शेवटी व्यवहारात सूर्योदय ठरला. म्हणून रात्री दोनला जन्मलेल्या बाळाचा वार हॉस्पिटलच्या कागदावर मंगळवार असतो आणि पत्रिकेत सोमवार, आणि आजी गुरुजींना पुन्हा पुन्हा विचारते, नक्की कुठला धरायचा?

मग हा आठवडा इथून पुढेही गेला. आठव्या शतकात अमोघवज्र या बौद्ध आचार्यानं चीनमध्ये नक्षत्रं आणि ग्रहांवरचा एक ग्रंथ तयार केला. ७६४ मध्ये त्यावर भाष्य लिहिणाऱ्या यांग जिंगफेंगनं चिनी वाचकांना युक्ती सांगितली: आज कोणता वार ते आठवत नसेल तर सोग्दियन (मध्य आशियातल्या), पर्शियन किंवा भारतीय माणसाला विचारा, त्यांना माहीत असतं. मदतीला तिन्ही भाषांतली वारांची नावंही दिली. रविवारचं सोग्दियन नाव ‘मीर’, इराणी सूर्यदेव मिथ्राचं. ते चिनी लिपीत ‘मी’ झालं.

८०६ मध्ये कुकाई हा भिक्षू हा ग्रंथ जपानला घेऊन गेला. इ.स. १००० च्या सुमारास क्योतोच्या दरबारातला सर्वांत ताकदवान माणूस, फुजिवारा नो मिचिनागा, आपली रोजनिशी छापील नव्हे तर हातानं लिहिलेल्या पंचांगाच्या मोकळ्या ओळींत लिहीत असे. त्या पंचांगात दर सातव्या दिवशी लाल शाईत एकच अक्षर काढलेलं आहे: ‘मी’. म्हणजे रविवार.